सैनिकाची टोपी आणि सत्याची चाड

वस्त्र हें केवळ लज्जारक्षणासाठीं आणि थंडीवाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून असतें, असें म्हणणें अर्धेंच खरें आहे. वस्त्र बोलतेंहि. वकिलाचा काळा डगला, टपालवाल्याचा खाकी सदरा, स्टेशनावरील हमालाच्या दंडाचा पितळी बिल्ला, हीं सारीं माणसानें तोंड उघडण्यापूर्वींच त्याची ओळख सांगून मोकळीं होतात. आणि जें खरें बोलूं शकतें तें खोटेंहि बोलूं शकतें. पंचतंत्रांतील परटानें आपल्या गाढवावर वाघाचें कातडें घातलें आणि रात्रीं त्याला लोकांच्या शेतांत चरावयास सोडलें. त्या गाढवानें 'मी वाघ आहें' असें कोणालाहि सांगितलें नव्हतें. राखणदारांनीं कातडें पाहिलें आणि बाकीचें स्वतःच समजून घेतलें. आपल्या गांवोगांव फिरणारा बहुरूपीहि सोंग आणीत असे. फौजदार होऊन तो दारांत उभा राही, घरधन्याला क्षणभर दरडावी, आणि लगेच हात जोडून बक्षीस मागे. त्यांत फसवणूक नव्हती, कारण सोंग संपलें हें तो आपल्याच तोंडानें सांगे. परटाच्या कातड्यांत आणि बहुरूप्याच्या फौजदारींत जो फरक आहे, तोच आजच्या विषयाचा गाभा आहे.

हा विषय आहे अमेरिकेंतील. तेथें लष्करांतून परतलेल्या माणसांच्या मोठमोठ्या संस्था आहेत. स्पेनशीं झालेल्या युद्धांतून आलेल्या शिपायांनीं १८९९ सालीं ओहायो संस्थानांत जी संस्था काढली, तींतून पुढें 'व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स' ही संस्था उभी राहिली. पहिलें महायुद्ध संपल्यावर, १९१९ च्या मार्च महिन्यांत, अमेरिकन सैनिकांनीं पॅरिस शहरांतच 'अमेरिकन लीजन' या संस्थेचा पाया घातला. या संस्थांच्या सभासदांना आपापली टोपी असते. दोन्ही बाजूंनीं चपटी, घडी घालून कमरेच्या पट्ट्यांत खोंचतां येईल अशी. तिच्यावर संस्थेचें चिन्ह आणि शाखेचा क्रमांक भरतकामानें काढलेला असतो. यांखेरीज बाजारांत साध्या टोप्या व सदरे मिळतात. त्यांवर एखाद्या युद्धनौकेचें, पलटणीचें किंवा युद्धाचें नांव सोनेरी अक्षरांत असतें. अशी टोपी विकत घेतांना दुकानदार कसलाहि कागद मागत नाहीं. किंमत मोजली कीं टोपी आपली.

ही टोपी घालणाऱ्यास कांहीं ना कांहीं मिळतेंच. ११ नोव्हेंबर हा तेथें माजी सैनिकांचा दिवस असतो. त्या दिवशीं पुष्कळ उपाहारगृहांत त्यांना फुकट जेवण देतात. कित्येक दुकानांत त्यांना किंमतींत सूट मिळते. रस्त्यांत अनोळखी माणसें थांबून 'आपण देशाची सेवा केलीत, आभारी आहोंत,' असें म्हणतात. जेवण आणि सूट या किरकोळ गोष्टी झाल्या. परंतु अनोळखी माणसाचे आभार ही किरकोळ गोष्ट नाहीं. ते आभार कोणत्या कृत्याबद्दल दिले जातात, आणि ते घेणारानें तें कृत्य केलें आहे काय, हा प्रश्न त्या टोपीबरोबर जोडलेला आहे.

त्याचें उत्तर दिसतें तितकें सोपें नाहीं, कारण टोपीटोपींत अर्थ वेगळा असतो. 'व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स'चा सभासद होण्यास परदेशीं, युद्धाच्या किंवा मोहिमेच्या ठिकाणीं सेवा केलेली असावी लागते. 'अमेरिकन लीजन'ला तशी अट नाहीं. मायदेशांत सेवा केलेला शिपाईहि तिचा सभासद होतो. परंतु २०१९ सालापर्यंत तिचीहि एक अट होती. ठराविक युद्धकाळांत सेवा केलेलाच माणूस तिला चाले. कोरियाच्या युद्धाचा काळ ३१ जानेवारी १९५५ रोजीं संपला असें धरलेलें होतें आणि व्हिएटनामचा काळ २८ फेब्रुवारी १९६१ पासून सुरू झाला असें धरलेलें होतें. त्यामुळें १९५६ पासून १९५९ पर्यंत तोच गणवेश घालून, तीच कवाईत करून, तोच पगार घेऊन घरीं आलेल्या शिपायाला लीजनची टोपी घालतां येत नसे. जुलै २०१९ मध्यें नवा कायदा झाला आणि ७ डिसेंबर १९४१ पासून पुढचा सर्व काळ अखंड धरला जाऊं लागला. साठ वर्षें दाराबाहेर राहिलेला तो शिपाई तेव्हां आंत आला. त्यानें मधल्या काळांत बाजारांतून टोपी आणून घातली असती तर कोणी त्याला हटकलें असतें असें नाहीं. ज्यांनीं ती घातली नाहीं त्यांनीं कोणाच्या भीतीनें नव्हे, नियम होता म्हणून घातली नाहीं. सचोटी बहुधा अशीच असते. ती कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

हा प्रश्न अमेरिकेच्या जन्माइतकाच जुना आहे. स्वातंत्र्ययुद्ध अजून मिटावयाचें होतें तेव्हां, ७ ऑगस्ट १७८२ रोजीं, सेनापति जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं एक हुकूम काढला. तीन वर्षांहून अधिक काळ शौर्यानें, निष्ठेनें व चांगल्या वर्तनानें सेवा केलेल्या साध्या शिपायानें डाव्या बाहीवर पांढऱ्या कापडाची एक कोनाकृति पट्टी लावावी. आणि ज्यानें कांहीं विशेष पराक्रम केला असेल त्यानें डाव्या छातीवर जांभळ्या कापडाचें हृदयाच्या आकाराचें चिन्ह लावावें, असें त्यांत होतें. युरोपांत त्या काळीं असले मान बहुधा सरदार-उमरावांच्या वांट्यास जात. येथें ते प्यादे शिपाई व हवालदार यांना मिळावयाचे होते. पण त्याच हुकुमांत वॉशिंग्टन यांनीं अशीहि ताकीद दिली कीं, अधिकार नसतां हीं चिन्हें लावण्याचा उद्धटपणा जो करील त्याला कडक शिक्षा होईल. चिन्ह निर्माण झालें त्याच दिवशीं त्याच्या खोटेपणाची चिंताहि निर्माण झाली. हें जांभळें हृदय मिळाल्याची निश्चित नोंद केवळ तीन हवालदारांची सांपडते. कापडाचा तो एवढासा तुकडा सोन्याच्या मोहरेपेक्षां दुर्मिळ ठरला तो त्या कडकपणामुळेंच.

खऱ्या आणि खोट्या सैनिकाची सर्वांत बोधप्रद जोडी मात्र यादवी युद्धाच्या अखेरच्या सैनिकांत आढळते. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण भागांत जें युद्ध झालें, त्यांतील उत्तरेच्या सैनिकांनीं १८६६ सालीं 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' ही संस्था स्थापिली. १८९० च्या सुमारास तिचे सभासद ४ लाखांहून अधिक होते. शत्रूकडून जिंकलेल्या तोफांचें कांसें वितळवून त्यांच्या छातीवरील पंचकोनी तारे घडविले जात. जो त्या युद्धांत उत्तरेच्या बाजूनें होता तोच सभासद, हा नियम तिनें शेवटपर्यंत पाळला. मुलांना आंत घेऊन संस्थेचें आयुष्य वाढवितां आलें असतें. पण मुलांसाठीं १८८१ सालीं वेगळी संस्था निघाली, आणि बापांची संस्था बापांबरोबरच संपूं दिली गेली. २ ऑगस्ट १९५६ रोजीं मिनेसोटा संस्थानांतील डुलुथ या गांवीं आल्बर्ट वुल्सन हा वृद्ध वारला आणि त्याच्याबरोबर ती संस्थाहि संपली.

हा वुल्सन कोण होता? तो पलटणींत ढोल वाजविणारा पोरगा होता. ऑक्टोबर १८६४ मध्यें मिनेसोटाच्या जड तोफखान्याच्या पहिल्या पलटणींत तो दाखल झाला, आणि वर्ष भरण्यापूर्वींच युद्ध आटोपून घरीं आला. त्यानें एकहि लढाई पाहिली नव्हती. तरी गेटिसबर्गच्या रणभूमीवर, जेथें तो कधीं लढला नाहीं, तेथें त्याचा पुतळा १९५६ सालीं उभा राहिला. कारण तो त्याचा एकट्याचा नसून सगळ्या पलटणींचें स्मारक आहे. वुल्सनच्या वयाविषयीं कागदांत दोन-तीन वर्षांची तफावत आहे. परंतु तो ढोलवाला होता याविषयीं तफावत नाहीं, आणि राष्ट्राला तेवढें पुरेसें वाटलें.

त्याच्या उलट वॉल्टर विल्यम्स. टेक्सस संस्थानांत राहणाऱ्या या माणसानें १९३२ सालीं, देशांत मोठी मंदी असतांना, आपण दक्षिणेच्या सैन्यांत होतों असें सांगून संस्थानाकडून निवृत्तिवेतन मिळविलें. पुढें एक एक खरा-खोटा म्हातारा मरत गेला आणि अखेर यादवी युद्धाचा शेवटचा जिवंत सैनिक म्हणून विल्यम्सचेंच नांव उरलें. १९५९ सालीं, तो जिवंत असतांनाच, एका वार्ताहरानें जुनी शिरगणती तपासली. तिच्याप्रमाणें युद्ध सुरू झालें तेव्हां विल्यम्स सहा-सात वर्षांचें पोर होता. तरीहि १९ डिसेंबर १९५९ रोजीं तो वारला तेव्हां राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं राष्ट्रीय शोक जाहीर केला. मंदीच्या दिवसांत पोटासाठीं खोटें बोललेल्या गरीब म्हाताऱ्यास फार कठोर शब्द लावणें जड जातें. पण त्या शोकदिनाला राष्ट्रानें जी मान लववली, ती जो सैनिक नव्हता त्याच्यासाठीं लववली. दक्षिणेचा जो खरा शेवटचा शिपाई कोठें तरी निमूटपणें मेला असेल, त्याच्या वांट्याचें हें होतें. अशा खोटेपणांत नुकसान कोणाचें होतें, या प्रश्नाचें उत्तर या एका प्रसंगांत आहे.

कायद्यानें हा खोटेपणा आवरण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. १९२३ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें लष्करी पदकें अधिकाराशिवाय वापरण्यास बंदी करणारा कायदा केला. सैनिकाचा गणवेश अधिकार नसतां घालणें हाहि गुन्हा आहे. सन्मानानें मुक्त झालेल्या शिपायाला तो घालून घरीं जाण्याची मुभा असते, आणि ती तीन महिन्यांपुरती. त्या कायद्यानें नटांना एक सवलत ठेवली होती, तीहि मजेदार आहे. नाटकांत सैनिकाचा गणवेश चालेल, पण सैन्याची बदनामी होत नसेल तरच, अशी ती अट. व्हिएटनाम युद्धाच्या निषेधार्थ १९६७ सालीं ह्यूस्टन येथें रस्त्यावर एक लहानसें नाट्य करणाऱ्या तरुणाला या अटीखालीं शिक्षा झाली. १९७० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा एकमतानें रद्द केली आणि बदनामीची अटहि काढून टाकली. बहुरूप्याला सोंगाचें स्वातंत्र्य आहे, मग तें सोंग राजाला आवडो वा न आवडो, असाच त्या निकालाचा अर्थ झाला.

पुढें २००५ चा 'स्टोलन व्हॅलर' म्हणजे चोरलेल्या शौर्याचा कायदा आला. त्यावर २००६ च्या डिसेंबरांत सही झाली. पदक मिळाल्याची नुसती खोटी बढाई मारणें हाहि त्यानें गुन्हा ठरविला. त्याची कसोटी लौकरच लागली. कॅलिफोर्नियांतील एका पाणीपुरवठा मंडळावर झेवियर अल्व्हारेझ नांवाचे गृहस्थ निवडून आले होते. २००७ च्या जुलैंतील सभेंत स्वतःची ओळख करून देतांना त्यांनीं सांगितलें कीं, आपण पंचवीस वर्षें मरीन दलांत होतों, अनेकदां जखमी झालों, आणि १९८७ सालीं आपल्याला 'मेडल ऑफ ऑनर' मिळालें. हें त्या देशांतील सर्वोच्च शौर्यपदक. १८६१ पासून आजवर तें साडेतीन हजारांच्या आसपास लोकांनाच मिळालें आहे, आणि त्या सर्वांचीं नांवें प्रसिद्ध आहेत. अल्व्हारेझ एक दिवसहि सैन्यांत नव्हते. आपण नामांकित हॉकी संघाकडून खेळलों, एका मेक्सिकन नटीशीं लग्न केलें, असेंहि ते पूर्वीं सांगत.

त्यांना पांच हजार डॉलर दंड झाला. पण खटला वरपर्यंत गेला, आणि २८ जून २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं तो कायदाच घटनाबाह्य ठरविला. न्यायमूर्ति केनेडी यांच्या निकालपत्राचा आशय असा कीं, खोट्या बोलण्यावर उतारा तुरुंग हा नसून खरें बोलणें हा आहे. सरकारनें आज पदकांच्या खोट्या बढाईला शिक्षा दिली तर उद्यां कोणत्या खोट्याला देईल त्यास सीमा राहणार नाहीं. आणि अल्व्हारेझ यांची तर लोकांनीं आधींच छी-थू केली होती. विरोधी मताचे तीन न्यायाधीश म्हणत होते कीं, या खोट्यानें खऱ्या वीरांच्या मानाला बट्टा लागतो. २०१३ सालीं काँग्रेसनें अधिक आखूड कायदा केला. पैसा, मालमत्ता किंवा दुसरा प्रत्यक्ष लाभ उपटण्याच्या हेतूनें ठराविक पदकांचा खोटा दावा करणें एवढाच आतां गुन्हा आहे; शिक्षा एक वर्षापर्यंत.

तेव्हां आज स्थिति अशी आहे कीं, नुसत्या बढाईला कायदा हात लावीत नाहीं. निवृत्त सैनिकांच्या मान्यताप्राप्त संस्थांचीं चिन्हें परवानगीवांचून तयार करून विकणाऱ्यास शिक्षा आहे. पण बाजारांतील 'व्हिएटनाम व्हेटरन' अशा अक्षरांची टोपी डोक्यावर ठेवून जो आभार स्वीकारीत हिंडतो, त्याला कोणताहि शिपाई पकडूं शकत नाहीं. आपल्यांत म्हण आहे कीं, सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं. पैसा मोजून दाखवावा लागतो. शौर्य मोजून दाखवावें लागत नाहीं. म्हणून हें सोंग सर्वांत सोपें, आणि म्हणूनच येथें राखणदार एकच उरतो, तो म्हणजे टोपी घालणाराचें मन.

आतां, मुळींच सैन्यांत नसलेला तोतया हा प्रकार त्यांतल्या त्यांत सरळ आहे. त्याला आपण काय करतों हें ठाऊक असतें. अधिक नाजूक प्रकार आहे तो खऱ्या सैनिकाचा. तो सैन्यांत होता हें खरें, सेवाहि प्रामाणिकपणें केली हें खरें. पण ती मुदपाकखान्यांत, कोठारांत किंवा टंकलेखनाच्या मेजापाशीं केली. घरीं आल्यावर लोक विचारतात, "लढाई कशी असते?" आणि ऐकणाऱ्यांचे डोळे विस्फारलेले पाहून गोष्ट दर वर्षीं थोडी वाढते. व्हिएटनाम युद्धाच्या काळांत अमेरिकेच्या सैन्यांत सुमारें ९० लाख माणसें होतीं; त्यांपैकीं प्रत्यक्ष व्हिएटनामांत गेलेलीं सुमारें २७ लाख. बाकीचीं जर्मनींत, कोरियांत, समुद्रावर किंवा मायदेशींच्या छावण्यांत होतीं. अशा माणसासाठीं प्रामाणिक शब्द आहे, 'व्हिएटनामकालीन सैनिक'. तोहि टोपीवर भरून मिळतो. 'व्हिएटनाम' आणि 'व्हिएटनामकालीन' यांत फरक एका जोडशब्दाचा, पण माणसाची पारख तेवढ्यावर होते. तो शब्द टोपीवर असला तर आभार मानणारा कदाचित् तितकासा थांबणार नाहीं. तें कमी झालेलें कौतुक सोसण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्या उरलेल्या शब्दांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

ही वाढती गोष्ट विद्वानांनाहि चुकली नाहीं. इतिहासकार जोसेफ एलिस यांना २००१ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं एका वृत्तपत्रानें उघड केलें कीं, आपण व्हिएटनामांत छत्रीधारी पलटणींत होतों असें जें ते वर्गांत विद्यार्थ्यांना सांगत, तें खरें नव्हतें. त्यांनीं लष्करी सेवा केली होती, पण ती वेस्ट पॉइंट येथील विद्यालयांत इतिहास शिकविण्याची. महाविद्यालयानें त्यांना एक वर्ष बिनपगारी निलंबित केलें. सैन्याधिकारी होणाऱ्या तरुणांना आपल्या देशाचा इतिहास शिकविणें हें कांहीं हलकें काम नव्हे. परंतु तें त्यांना स्वतःलाच पुरेसें वाटलें नाहीं, ही त्यांतली खरी हानि. आणि ज्यानें कागद तपासून सत्य सांगावयाचें, त्यानेंच आपला कागद बदलला, म्हणून ती अधिक बोंचते.

एका लहानशा चिन्हाचें वजन केवढें असूं शकतें याचें दुःखद उदाहरण म्हणजे नौदलप्रमुख ॲडमिरल जेरेमी बूर्डा. १९५६ सालीं साधा खलाशी म्हणून भरती होऊन ते १९९४ सालीं नौदलाच्या सर्वोच्च पदावर चढले. अशा रीतीनें तळापासून तेथवर पोंचलेले ते पहिलेच. व्हिएटनामच्या काळांतील आपल्या दोन पदकफितींवर ते 'व्ही' या अक्षराचें बारीकसें धातूचें चिन्ह लावीत. तें प्रत्यक्ष युद्धांतील सेवेचें दर्शक असतें. त्याचा अधिकार त्यांना आहे काय अशी शंका निघाल्यावर त्यांनीं तें काढून टाकलें. वर्षभरानें, १६ मे १९९६ रोजीं, त्याच गोष्टीविषयीं विचारण्यास वार्ताहर येणार होते. त्या दिवशीं बूर्डा यांनीं आत्महत्या केली. तें चिन्ह लावण्याचा त्यांना अधिकार होता कीं नव्हता यावर पुढेंहि मतभेद राहिले. दुसऱ्याच्या छातीकडे बोट दाखविणारानें ही गोष्ट विसरूं नये.

कारण या प्रश्नाला दुसरी बाजूहि आहे, आणि ती संशयाची. अलीकडे कोणी जुनी टोपी घातलेला म्हातारा दिसला कीं भर बाजारांत त्याची उलटतपासणी घेणारे वीर तेथें निघाले आहेत. पलटण कोणती, सुभेदार कोण, कागद कोठें, असे प्रश्न ते फटाफट विचारतात आणि म्हातारा अडखळला कीं त्याला तोतया ठरवितात. ऐंशी वर्षांच्या माणसाला साठ वर्षांपूर्वींचा क्रमांक आठवला नाहीं तर तो खोटा ठरत नाहीं. कागद म्हणावा, तर त्याचीहि एक कहाणी आहे. १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई शहराजवळील लष्करी दफ्तरखान्याला आग लागली. तींत १ कोटि ६० लाख ते १ कोटि ८० लाख सैनिकांचीं कागदपत्रें जळालीं. १९१२ ते १९६० या काळांत भूदलांतून मुक्त झालेल्या माणसांचीं सुमारें शेंकडा ८० दफ्तरें त्यांत गेलीं. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूचीहि नव्हती. पगाराच्या पावत्या, इस्पितळांतील नोंदी, भरतीचीं पत्रकें, अशा इकडच्या-तिकडच्या तुकड्यांवरून तीं दफ्तरें पुन्हां जुळविण्याचें काम पुढें वर्षानुवर्षें चाललें. या आगीनें दोन माणसें निर्माण केलीं. एक, 'माझे कागद जळाले' असें खोटेंच सांगणारा. आणि दुसरा, ज्याचे खरोखरच जळाले तो. दोघांचें वाक्य एकच आहे. ज्याला सत्याची चाड आहे त्यानें पहिल्याचा शोध सरकारी दफ्तरांत अर्ज करून घ्यावा. तशी सोय तेथें आहे, आणि सेवेच्या तारखा, हुद्दा व पदकें एवढी माहिती कोणालाहि मागतां येते. परंतु दुसऱ्याचा भर रस्त्यांत अपमान करूं नये. तोतयाच्या बढाईनें खऱ्या सैनिकाचें जें नुकसान होतें त्यांत हें सर्वांत मोठें आहे: त्याच्या खऱ्यावरहि लोक शंका घेऊं लागतात.

मान देणाऱ्या सरकारलाहि आपला हिशेब एकदां तपासावा लागला होता. यादवी युद्धांत मेन संस्थानाच्या २७ व्या पलटणीचे सुमारें ३०० शिपाई मुदत संपल्यावरहि राजधानीच्या रक्षणासाठीं राहिले. पण चुकीनें 'मेडल ऑफ ऑनर' मात्र सबंध पलटणीला, म्हणजे ८६४ जणांना, दिलें गेलें. १९१६ सालीं नेमलेल्या मंडळानें फेरतपासणी करून एकंदर ९११ नांवें यादींतून काढलीं. त्यांत डॉक्टर मेरी वॉकर या शल्यवैद्य बाईहि होत्या. त्यांनीं पदक परत केलें नाहीं, आणि १९१९ सालीं मृत्यु येईपर्यंत तें छातीवर लावलें. १९७७ सालीं सरकारनें त्यांचें नांव पुन्हां यादींत घातलें. कायद्याच्या दृष्टीनें साठ वर्षें तें पदक त्यांचें नव्हतें. पण जखमींची शुश्रूषा आणि शत्रूच्या कैदेंतील महिने हीं त्यांचींच होतीं. चिन्हाचें मूळ कृत्यांत असतें, यादींत नसतें. यादी चुकूं शकते.

मग ज्याचा बाप किंवा आजा लढला, त्यानें काय करावें? त्याचें पदक पेटींत कुजूं द्यावें काय? ब्रिटनमध्यें आणि ऑस्ट्रेलियांत याची फार सुंदर तोड काढलेली आहे. स्वतः मिळविलेलीं पदकें डाव्या छातीवर लावावयाचीं, आणि वडिलांचीं किंवा आज्याचीं उजव्या छातीवर. २५ एप्रिलला ऑस्ट्रेलियांत जो अँझॅक दिन पाळतात, त्याच्या मिरवणुकींत उजव्या छातीवर पदकें लावलेलीं मुलें चालतात, आणि पाहणारांना न सांगतां कळतें कीं हें याचें नव्हे, याच्या घराण्यांतील कोणाचें तरी आहे. अमेरिकेंतहि लीजनच्या सभासदांच्या मुलानातवांसाठीं १९३२ पासून वेगळी शाखा आहे आणि तिची टोपी वेगळी आहे. एवढ्याशा खुणेनें अभिमानहि राहतो आणि सत्यहि राहतें. ज्या घरांत जुनी टोपी खुंटीवर आहे त्या घरानें पोरांना तिची गोष्ट सांगतांना हीच रीत ठेवावी: आजोबा कोठारांत होते तर कोठारांत होते असेंच सांगावें.

सैन्य म्हणजे नुसते लढवय्ये नव्हेत. एका बंदुकीमागें कितीतरी माणसें शिजवितात, वाहतात, शिवतात, हिशेब ठेवतात, ढोल वाजवितात. तीं नसतील तर बंदूक दुसऱ्या दिवशीं मुकी होईल. त्यांच्या सेवेंत सांगण्यासारखें फारसें नसतें, म्हणून त्यांना दुसऱ्याच्या गोष्टीचा मोह पडतो. आणि तो मोह त्यांनीं आवरला तर तींहि एक न दिसणारी लढाई जिंकतात. गेटिसबर्गला जाणारा प्रवासी आजहि त्या कांस्य पुतळ्यासमोर थांबतो. तो पुतळा ज्याचा आहे त्यानें एकहि गोळी झाडली नव्हती, आणि तसें कोणी लपविलेलेंहि नाहीं.